गाडी वेगात नेली की गेम अडकतो: ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. आधी काय बदलावं?

कळफलक
रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. डीडीआर४ ३२०० रॅम, ८ जीबीची एकच स्टिक. १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज ११ आणि गेम दोन्ही तिच्यावरच. जीटीए ५ (लेगसी आवृत्ती), १०८०पी, बहुतेक सेटिंग्ज नॉर्मल.

पायी चालताना ४५ च्या आसपास एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात. गाडी वेगात नेली की दर दहा-पंधरा सेकंदांनी चित्र अर्धा-एक सेकंद थिजतं. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क १०० टक्के. पण डिस्कचा वेग जेमतेम २ एमबी प्रति सेकंद दिसतो. कॉपी करताना हीच डिस्क १५० पर्यंत जाते, मग इथे काय होतं? ड्रायव्हर नव्याने टाकून पाहिले, फरक नाही. सध्या एकच वस्तू घेता येईल. रॅम घेऊ की एसएसडी?

पिनकोड
विंडोज सर्व्हिसेसमध्ये जाऊन सिसमेन (नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी सेवा) बंद करा आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) काढून टाका. डिस्कवरचा ताण लगेच उतरेल.

तांब्याची_तार
पेजफाइल काढू नका. विंडोज प्रोग्रामला जेवढी मेमरी कबूल करतं, तिची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'कमिटेड' खाली दोन आकडे असतात, त्यातला दुसरा हाच. ८ जीबीच्या मशिनवर पेजफाइल काढली की पहिला आकडा दुसऱ्याला लगेच गाठतो आणि गेम अडकण्याऐवजी सरळ बंद पडतो. सिसमेनचंही तसंच. हार्ड डिस्कवर मशिन चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं ते डिस्क खडखडवतं, हे खरं. पण मेमरी कॉम्प्रेशन (मेमरीतला डेटा दाबून कमी जागेत बसवणं) त्याच सेवेवर चालतं. कमी रॅमच्या मशिनवर कॉम्प्रेशन गेलं की पेजफाइलकडे जास्त धाव घ्यावी लागते.

आता २ एमबीचं कोडं. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. हेड योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी ८-९. एका विखुरलेल्या वाचनाला साधारण १३ मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० वाचनं. कॉपी करताना डेटा सलग येतो, हेड फारसं हलत नाही, म्हणून १५० दिसतात. गेममध्ये मात्र इथला एक तुकडा, तिथला एक असं चालतं. डिस्क पूर्ण वेळ कामात असते, पण हाती थोडंच लागतं. ४५ एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला २२ मिलिसेकंद येतात. त्यात अशी दोन वाचनं आडवी आली की फ्रेम हुकलीच, चाळीस-पन्नास आली की अर्धा सेकंद थिजणार.

प्रश्न एवढाच की ही वाचनं कोण मागतंय. खरेदीचं उत्तर त्यावरच ठरेल. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा, गेम विंडो मोडमध्ये चालवा आणि शहरातून पाच मिनिटं गाडी पळवा. मेमरी टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स' (हवा तो डेटा रॅममध्ये नाही म्हणून डिस्ककडे जावं लागतं ते प्रसंग) किती चढतात ते पाहा. मग डिस्क टॅबवर 'डिस्क ॲक्टिव्हिटी'ची यादी 'रीड'प्रमाणे लावा. वर पेजफाइल असेल तर रॅम अपुरी आहे. गेमच्या फोल्डरमधल्या आरपीएफ फाइल वर असतील तर गेम रस्ते, इमारती, गाड्या डिस्कवरून ओढतोय आणि ती पुरी पडत नाही. शिवाय टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' किती आहे तेही सांगा.

कळफलक
पाहिलं. थिजतं त्या क्षणी हार्ड फॉल्ट्स ३०० च्या वर, एरवी दहा-वीस. डिस्कच्या यादीत पेजफाइल सगळ्यांत वर, आरपीएफ फाइल खाली. कमिटेड १३.१/१४.६. हार्डवेअर रिझर्व्ह्ड २.१ जीबी.

तांब्याची_तार
म्हणजे ८ जीबीपैकी विंडोजच्या हाती ५.९ च आहेत. बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी २ जीबी बाजूला काढून ठेवलेत. गेम चालू नसतानाही ते परत मिळत नाहीत.

पैसे न घालता आजच करण्यासारखं: बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर साइज' शोधा. बोर्डाप्रमाणे ते ॲडव्हान्स्डमध्ये किंवा एनबीआयओ कॉमन ऑप्शन्समध्ये असतं. ते २जी वरून ५१२एम करा. ग्राफिक्सला जास्त लागलं तर विंडोज शेअर्ड मेमरीतून देतं, फक्त आधीपासून अडवून ठेवत नाही. काही गेम राखीव आकडाच वाचतात आणि सेटिंग वाढवू देत नाहीत. जीटीए ५ मध्ये त्यासाठी 'इग्नोर सजेस्टेड लिमिट्स' चालू करा.

त्याच गेममध्ये टेक्श्चर क्वालिटी नॉर्मल असू द्या. 'पॉप्युलेशन व्हरायटी' शून्याजवळ आणा. रस्त्यावर जितक्या वेगवेगळ्या गाड्या आणि माणसं, तितकी मॉडेलं मेमरीत, आणि ती सतत बदलतात. वेगात जाताना हा स्लायडर सगळ्यांत जास्त नडतो, तरी लोक सावल्याच कमी करत बसतात. ॲडव्हान्स्ड ग्राफिक्समध्ये 'हाय डिटेल स्ट्रीमिंग व्हाइल फ्लाइंग' बंद आणि 'एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग' शून्य.

खटका
यात भर. विंडोज सेटिंग्जच्या गेमिंगमध्ये 'कॅप्चर्स' बघा. मागे घडलेलं रेकॉर्ड करण्याचा पर्याय चालू असेल तर मशिन खेळताना सतत त्याच डिस्कवर लिहीत राहतं. स्टीममध्ये खेळताना डाउनलोड होऊ देणारा पर्यायही बंद ठेवा. क्रोम बंद केलं तरी मागे चालू राहू शकतं, त्याच्या 'सिस्टम' सेटिंगमध्ये ते थांबवता येतं.

डिस्कची तब्येतही तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ०५ (बदललेले सेक्टर) आणि सी५ (वाचायला अडणारे सेक्टर) या दोन ओळींच्या 'रॉ' किमती पाहा. सी५ शून्य नसेल तर काही सेक्टर वाचताना डिस्क पुन्हापुन्हा प्रयत्न करते आणि गेम दोन-चार सेकंद थिजतो. त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. आधी डेटा दुसरीकडे हलवा.

पिनकोड
पेजफाइलबद्दल चुकीचं सांगितलं, मान्य. पण पहिल्यांदा एखाद्या भागात गेलो की अडकतं आणि दुसऱ्यांदा नाही, हे शेडरमुळेही (ग्राफिक्ससाठी खेळताना तयार होणारे छोटे प्रोग्राम) होतं ना?

तांब्याची_तार
होतं, विशेषतः डायरेक्टएक्स १२ च्या नव्या गेममध्ये. ओळखायचं असं: त्याच रस्त्याने दोन फेऱ्या मारा, मग मशिन रिस्टार्ट करून तिसरी. तयार शेडर डिस्कवर साठवले जातात, त्यामुळे कारण ते असेल तर तिसरी फेरीही सुरळीत जाते. विंडोजने रॅममध्ये धरून ठेवलेल्या फाइल मात्र रिस्टार्टने पुसल्या जातात. तिसरी फेरी पहिलीसारखीच अडखळली तर दोष डिस्कचा.

खटका
आता खरेदी. एरवी हार्ड डिस्कवर विंडोज ११ दिसलं की मी आधी एसएसडीच सांगतो. इथे माझं मत रॅम. पेजफाइल वर आहे हे एक कारण. दुसरं, ५६००जीचं ग्राफिक्स रॅमवरच जगतं. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दुसरी लावली की दोन चॅनलवर (रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांवर) ते ५१.२ होतात. थिजणं कमी होईलच, एफपीएसही चढतील.

८ जीबीच घ्या, ३२०० ची, टायमिंग आधीच्या स्टिकसारखं. ४ जीबीची घेतलीत तर ८ जीबी भाग दोन चॅनलवर आणि उरलेला ४ एकाच चॅनलवर चालेल. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा. मग बायोसमध्ये एक्सएमपी (स्टिकवर लिहिलेला वेग लागू करणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर बऱ्याच ३२०० च्या स्टिक २४०० किंवा २६६६ वरच चालतात. टास्क मॅनेजरमध्ये 'स्पीड' दिसतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिकने मशिन सुरू झालं नाही तर सीमॉस क्लिअर करून (म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर आणून) २९३३ वर ठेवा. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी होऊ द्या, मगच खेळा.

कळफलक
बायोसमध्ये ५१२एम केलं, पॉप्युलेशन व्हरायटी खाली आणली. आता मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा अडकतं, तेही क्षणभर. यादीत पेजफाइलच्या बरोबरीने आरपीएफ दिसायला लागल्या. या आठवड्यात रॅम घेतो. पुढे एसएसडी घेताना काय पाहू?

तांब्याची_तार
५६००जी पीसीआयई (एसएसडीला प्रोसेसरशी जोडणारी वाट) ३.० पर्यंतच चालतो, तेव्हा जेन४ (पीसीआयई ४.०) साठी जास्त पैसे मोजू नका. ५०० जीबी तरी घ्या. हा गेमच १०० जीबीच्या पुढे जातो आणि स्वस्त एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, १५-२० टक्के मोकळी ठेवायला हवी. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहा: काही बोर्डांवर एम.२ (एसएसडीचा स्लॉट) वापरलं की एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ते) बंद होतात.

विंडोज नव्याने टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर बूटचा भाग जुन्याच डिस्कवर जाऊन बसतो आणि पुढे ती काढली की मशिन सुरूच होत नाही. विंडोज टाकून झाल्यावर ती परत जोडा. स्टीमच्या 'स्टोरेज'मध्ये जुनं फोल्डर दाखवलं की गेम पुन्हा उतरवावा लागत नाही, तिथूनच 'मूव्ह' करून एसएसडीवर नेता येतो. पेजफाइल सी ड्राइव्हवर 'सिस्टम मॅनेज्ड', हार्ड डिस्कवर काहीच नाही.