प्रतिसाद: नळीने औषध सोडता येत असताना मूत्राशयात उपकरण कशाला?

वर विचारलंय, की मूत्राशयाच्या कर्करोगाचं औषध नळीने सोडता येतंच, मग उपकरण कशाला? कारण मूत्राशय स्वस्थ बसत नाही. नळीने सोडलेलं औषध रुग्णाने एक-दोन तास धरून ठेवायचं असतं. तेवढ्यात मूत्र साचून ते पातळ होतं आणि लघवीबरोबर निघून जातं. शिवाय आतल्या अस्तराचं कामच मुळी बाहेरचं काही आत शिरू न देणं हे आहे.

टार-२०० या उपकरणाने हा वेळेचाच प्रश्न सोडवला. नायटिनॉलची (मूळ आकार परत घेणाऱ्या मिश्रधातूची) तार असलेली ही बारीक सिलिकॉन नळी सरळ करून मूत्रमार्गातून आत घालतात. आत गेली की तिचं वेटोळं होतं, म्हणून ती लघवीतून वाहून जात नाही. मूत्रातलं पाणी नळीत झिरपतं, तिच्यातल्या गोळ्या विरघळतात आणि जेमसिटाबीन हे कर्करोगाचं औषध ३ आठवडे हळूहळू पाझरत राहतं. २०२५ मध्ये अमेरिकेत याला मंजुरी मिळाली, पण बीसीजीला (मूत्राशयात सोडायच्या, प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या नेहमीच्या औषधाला) दाद न देणाऱ्या, स्नायूपर्यंत न पोचलेल्या विशिष्ट कर्करोगासाठीच.

अशा रुग्णांना पूर्वी बहुतेकदा मूत्राशय काढण्याचाच सल्ला मिळे, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. त्रास मात्र आहेच: वारंवार लघवी, जळजळ, संसर्ग. आणि प्रत्येक उपकरण दुर्बिणीने काढावं लागतं. रुग्णाला हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं.