व्हॅम्पायर-वेअरवुल्फ पटकथा: चाळिसाव्या पानापर्यंत गोष्ट हलतच नाही

रात्रपाळी_महाल:
नमस्कार मंडळी. नागपुरात घडणारी डार्क फँटसी लिहून राहिलो आहे, पूर्ण लांबीची, ११८ पानं. महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात व्हॅम्पायरांचं घराणं, कन्हान नदीपलीकडच्या बंद खाणीत वेअरवुल्फांची टोळी, दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. नायिका रेवती वाड्याची शिकारी, आता तीही व्हॅम्पायर. आपलं अख्खं घर लांडग्यांनी मारलं आणि वाड्याच्या आबासाहेबांनी आपल्याला वाचवलं, असं ती धरून चालते. खरे मारेकरी आबासाहेबच. लांडगे तुषार नावाच्या माणसाच्या मागे आहेत. तो ब्लड बँकेत तंत्रज्ञ आहे आणि त्याच्या रक्तात दोन्ही वंश एकत्र नांदू शकतात. क्लायमॅक्स मारबतीच्या मिरवणुकीत (इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची आपली नागपुरी मिरवणूक), पौर्णिमेच्या रात्री.

अडचण अशी की वैराचा इतिहास, नियम आणि वाड्यातले तीन वडीलधारे यांची ओळख करून देण्यातच चाळीस पानं जातात. आबासाहेबांचं गुपित ९५ व्या पानावर त्यांचा कारभारी रेवतीला सांगून टाकतो आणि तो सीन थंड पडतो. इंटरव्हल सध्या ६१ व्या पानावरच्या मोठ्या मारामारीवर आहे, पण तिथे तो बसत नाही. काय हलवू?

कटपॉइंट:
आधी पानांचा हिशेब. एक पान म्हणजे एक मिनिट हे गणित इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या साच्याचं आहे: १२ पॉइंटचा कुरिअर फॉन्ट, ठरलेले समास. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं की ते मोडतं. मधली कुठलीही सलग दहा पानं स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा, मारामारीच्या ओळींना पडद्यावर लागेल तेवढा वेळ द्या. दहा पानांना चौदा मिनिटं लागली तर फिल्म पावणेतीन तासांची आहे आणि तुमचं चाळिसावं पान ५६ व्या मिनिटाला येतं. मग गोष्ट सुरू व्हायच्या आधीच इंटरव्हल.

सुरुवात पाठलागाने करा. २००३ च्या ‘अंडरवर्ल्ड’ या व्हॅम्पायर-वेअरवुल्फ फिल्ममध्ये वैराचं निवेदन थोडक्यात उरकतं आणि लगेच लांडगे एका साध्या माणसाच्या मागावर दिसतात. नायिकेला प्रश्न पडतो, याच्यात एवढं काय आहे? पहिला अर्धा भाग त्या एका प्रश्नावर चालतो. तुमच्याकडे तुषार आहे, म्हणजे तोच प्रश्न तयार आहे, पण तो ३८ व्या पानावर आला तर त्याचा उपयोग शून्य. त्याला आठव्या पानाच्या आत आणा.

नियमांचं म्हणाल तर नियम समजावून सांगायचा नसतो, तो कोणाला तरी महागात पडताना दाखवायचा असतो. ऊन, चांदी, चंद्र, चावा. चार नियम, चार वेगळे सीन, आणि प्रत्येक सीनमध्ये कोणीतरी काहीतरी गमावतं. पाचवा नियम लागत असेल तर आधीच्या चारांतला एक काढा. तीन वडीलधाऱ्यांपैकी पहिल्या अर्ध्या तासात एकालाच जागं ठेवा. त्या फिल्ममध्येही तिघांपैकी एक राज्य करतो आणि दोघे झोपलेले असतात. ती परंपरा दिसायला भारी आहेच, पण लेखकाच्या डोक्यावरची दोन पात्रंही तिने उतरवली आहेत.

पंचांगवाला_इतवारी:
भाऊ, बाकी सारं ठीक, पण मारबत पौर्णिमेला कशी काढता? पोळा श्रावण अमावस्येला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत. म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, चंद्र नावाला नाही. वरून मिरवणूक दिवसाढवळ्या! लांडगे रूप बदलू शकत नाहीत, व्हॅम्पायर उंबरा ओलांडू शकत नाहीत. क्लायमॅक्सला दोन्ही पार्ट्या घरी बसलेल्या. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. इतवारीतलं शेंबडं पोरही हे पकडेल.

दुसरा_ड्राफ्ट:
वरचा मुद्दा दुरुस्ती म्हणून घेऊन पुढे जाऊ नका, रचना त्याच्यावरच उभी करा. मारबत क्लायमॅक्समधून काढा आणि खुनाच्या रात्रीला लावा.

रेवतीच्या घरच्यांचा खून पोळ्याच्या रात्री. साल १८८५ च्या पुढचं कुठलंही. शिंगं रंगवलेले बैल गोठ्यात, दाराला तोरण, ओट्यावर विझत आलेली पणती. लहान रेवती धान्याच्या कणगीत लपलेली. सकाळी कणगीतून तिला काहीच दिसत नाही, फक्त रस्त्यावरचा गलका ऐकू येतो: ‘घेऊन जा गे मारबत!’ हा सीन पाचव्या पानाच्या आत, तीन मिनिटांपेक्षा जास्त नको.

आता तुमचाच नियम लावून पाहा. लांडगा चंद्राशिवाय रूप बदलत नाही. पोळा अमावस्येला. मग त्या रात्री लांडगा आला कुठून? सगळा पुरावा पहिल्या सीनमध्ये प्रेक्षकासमोर पडलेला आहे आणि कोणी उचलत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे. ‘आज अवस आहे’ असं कोणाच्याही तोंडी घालू नका. पोळा दिसला की पुरे.

कारभाऱ्याचा सीन थंड का पडतो तेही यातच आहे. तिथे नायिका काही करत नाही, तिला सांगितलं जातं. ‘अंडरवर्ल्ड’मध्येही हे गुपित नायिकेला दुसऱ्याच्या तोंडून कळतं आणि सांगणारा स्वतःच्या फायद्यासाठी सांगतो. तिथे वेगामुळे ते निभावतं, तरी मला तो त्या फिल्मचा सर्वांत कच्चा सांधा वाटतो. तुमच्याकडे रेवतीने स्वतः तिथी मोजावी. जुनं पंचांग, वाड्याची खतावणी, काहीही चालेल, पण बोट तिचं हवं.

लिहायला बसण्याआधी गुपितांचा तक्ता करा. चार रकाने: गुपित काय, कोणाकोणाला माहीत, प्रेक्षकाला कोणत्या पानावर कळतं, रेवतीला कोणत्या पानावर. शेवटच्या दोन आकड्यांत अंतर असेल आणि प्रेक्षक पुढे असेल तर ताण तयार होतो. आकडे सारखे असतील तर धक्का बसतो. रेवती पुढे आणि प्रेक्षक मागे, असं कुठे झालं असेल तर तो सीन परत लिहा, फसवल्यासारखं वाटतं. एकाच पानावर दोन गुपितं फुटत असतील तर दुसरं वाया जातं. किमान आठ-दहा पानांचं अंतर ठेवा.

रात्रपाळी_महाल:
हे डोक्यात नव्हतं, फार कामाचं आहे. पण दोन शंका. रेवती शंभराहून जास्त वर्षं लांडग्यांची शिकार करते. तिला चंद्राचा नियम माहीत नसेल, हे कोण मानेल? आणि तुषार सध्या नुसता पळतो आणि शेवटी चावला जातो. त्याचं काय करू?

दुसरा_ड्राफ्ट:
पहिल्या शंकेचं उत्तर म्हणजे खोटा नियम. अठराव्या-विसाव्या पानावर आबासाहेब तिला शिकवतात की जुन्या लांडग्यांना चंद्र लागत नाही, ते मनाला येईल तेव्हा रूप घेतात. वाड्यातले सगळे हेच मानतात, कारण शिकवणारा एकच. हा नियम पटण्यासाठी एकदा खरा ठरल्यासारखा दिसला पाहिजे. पंचवीस-तीसच्या आसपास चंद्र मावळल्यानंतर वाड्याच्या पहारेकऱ्यावर हल्ला होतो आणि अंगावर नखांच्या खुणा सापडतात. तो हल्लाही आबासाहेबांचाच, हे मागाहून.

मग इंटरव्हल. टोळीचा सर्वांत म्हातारा लांडगा रेवतीच्या हाती लागतो. चंद्र मावळलेला. ती चांदीचं पातं त्याच्या गळ्याला लावते, तो जिवाच्या आकांताने धडपडतो आणि माणूसच राहतो. मरायला टेकला तरी रूप बदलत नाही. रेवती पातं खाली घेत नाही, पण हात थांबतो. कट, इंटरव्हल. मारामारीवर इंटरव्हल ठेवला की प्रेक्षक ‘कोण जिंकलं’ एवढंच विचारत बाहेर जातो. इथे तो पहिल्या सीनपर्यंत मागे जाऊन हिशेब करतो.

इंटरव्हलनंतर लगेच सत्य देऊ नका. नियम खोटा निघाला म्हणजे आबासाहेब खुनी, असं होत नाही, ते स्वतःही गैरसमजात असू शकतात. रेवतीला हीच पळवाट हवी असते, माणूस म्हणून ती तिथेच खरी वाटते. तिथी मोजण्याचा सीन ८५ व्या पानाच्या आसपास येऊ द्या. कारभारी ठेवायचा असेल तर त्याच्याकडे फक्त ‘का मारलं’ एवढंच सांगायला उरतं. चार ओळी.

काळाची चौकटही आता आपोआप मिळते. चालू गोष्ट पोळ्याला सुरू करा आणि भाद्रपद पौर्णिमेला संपवा, पंधरा रात्री. मध्ये चतुर्थीला गणपती बसतात, अनंत चतुर्दशीला रात्रभर विसर्जन आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. शुक्ल पक्षात चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळतो. अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास, पौर्णिमेला थेट उजाडताना. म्हणजे व्हॅम्पायरांची रात्र जवळपास तेवढीच राहते आणि लांडग्यांचे तास रोज वाढत जातात. पहिल्या आठवड्यात वाडा वरचढ, दुसऱ्यात टोळी. एरवी चढत्या क्रमासाठी आपण नवीन शत्रू आणतो, इथे पंचांगच ते काम करतं.

एकच काळजी घ्या: कोणता सीन कोणत्या तिथीला हे प्रत्येक सीनच्या मथळ्यात लिहा. नाहीतर षष्ठीला पहाटे तीन वाजता लांडगा ओरडताना दिसेल. आणि म्हातारा लांडगा रेवतीच्या हाती लागतो ती रात्र सप्तमीच्या आधीची, वेळ मध्यरात्रीनंतरची हवी, नाहीतर इंटरव्हलच कोसळतो.

लाइट_मीटर_धरमपेठ:
इंटरव्हलबाबत माझं मत थोडं वेगळं. हात थांबणं हा अर्धा क्षण झाला. तिने म्हाताऱ्याला सोडावं आणि वाड्यात परत जाऊन ‘मारला’ असं सांगावं, तिथे तोडा. शंका मनात राहते, खोटं बोललं की मागे फिरता येत नाही. इंटरव्हलनंतरचा प्रत्येक सीन मग दोन पातळ्यांवर चालेल, कारण आबासाहेबांना प्रेताची चौकशी करावीच लागेल.

तुषारबद्दल. या प्रकारच्या फिल्ममध्ये ‘रक्तात खास काहीतरी आहे’ असा माणूस बहुतेक वेळा सामान होऊन बसतो, इकडून तिकडे नेलं जाणारं. त्याच्या नोकरीतून त्याला काम द्या. आपल्याकडे सीपीडीए-१ (रक्त गोठू न देणारं द्रावण) घातलेली रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवतात आणि ३५ दिवसांत ती बाद होते. बाद झालेल्या पिशवीची नोंद करून ती नष्ट करायची असते. वाडा शहरात राहून उपाशी मरत नाही, म्हणजे त्याचा पुरवठा इथूनच. तुषारला रजिस्टरमध्ये दिसतं की ३५ दिवस भरायच्या आदल्या दिवशीच काही पिशव्या ‘फुटली’ शेऱ्याखाली वगळल्या आहेत आणि शेऱ्याखालची सही दर वेळी एकच. म्हणजे लांडगे त्याच्यापर्यंत पोचण्याआधी तो वाड्यापर्यंत पोचतो. आठव्या पानावर पाठलाग सुरू होतो तेव्हा त्याच्या खिशात त्या रजिस्टरच्या पानाचा फोटो असू द्या. दोन्ही बाजूंना तो हवाच, पण त्यालाही त्यांच्याकडून काहीतरी हवं.

मारबत वाया घालवू नका. चालू गोष्टीत दुसऱ्याच दिवशी ती येते. दिवसा व्हॅम्पायर बाहेर नाहीत, चंद्र नाही म्हणून लांडगे माणसाच्या रूपात. टोळीने तुषारला गर्दीतून उचलायला याहून बरी वेळ नाही. मात्र खऱ्या मिरवणुकीत कलाकार घुसवून शूट करायचं मनात असेल तर सोडा. त्या गर्दीत रिटेक होत नाही आणि आवाज वापरण्यासारखा मिळत नाही. खऱ्या मिरवणुकीचे लांबचे शॉट आणि आवाज वेगळा रेकॉर्ड करून घ्या, पात्रांचे जवळचे शॉट नंतर एखाद्या गल्लीत चाळीस-पन्नास माणसांत. तोच आवाज पाचव्या पानावरच्या कणगीच्या सीनलाही कामी येतो.

रूपांतर पूर्ण फक्त एकदा दाखवा, शेवटच्या पौर्णिमेला. त्याआधी सावली, भिंतीवरचं नख, दाराआडचा आवाज. पैसे वाचतात हे आहेच, पण तीन वेळा पूर्ण दाखवलं तर चौथ्याला कोणी दचकत नाही.

भाद्रपद म्हणजे पावसाचे दिवस. ढगाआड गेलेला चंद्र चालतो का आणि भरून आलेल्या दुपारी व्हॅम्पायर जळतो का, या दोन्हींची उत्तरं आज ठरवा आणि पहिल्या वीस पानांत दाखवून टाका. माझा कौल: ढगाने चंद्र अडत नाही, ऊनही अडत नाही. नाहीतर शूटिंगच्या दिवशीचा पाऊस तुमची पटकथा लिहायला बसेल.