रि: कोल्हापूरला कायमचं परतताना: साडेचार वर्षांची मुलगी, घर, शाळा, ओळखी

नमस्कार मंडळी,

मेअखेर न्यू जर्सीतलं बिऱ्हाड आवरून आम्ही कोल्हापूरला जातोय. गाव नवऱ्याचं. माझं माहेर नागपूरचं, त्यामुळे सुट्टीतले चार दिवस अंबाबाई, रंकाळा आणि पांढरा रस्सा एवढीच माझी त्या गावाशी ओळख. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात दिरांचं कुटुंब राहतं, आम्ही भाड्याने वेगळं घर बघतोय. मुलगी ऑक्टोबरमध्ये पाच पूर्ण करेल. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

नवऱ्याचं काम अमेरिकेच्या वेळेवर चालणार, म्हणजे संध्याकाळपासून तो खोलीत बंद. उरलो मी आणि ही. शाळा आधी ठरवू की घर? तिच्या वयाची मुलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या वयाच्या बायका, भेटतात कुठे? परदेशातून परतलेल्यांचा काही गट आहे का तिथे?

---

अगं, ये! गणपतीच्या नाटकाची तालीम आपण बरोबर केली आहे, म्हणून सरळ सांगते. आधी घर.

आणि घर बघताना हॉल केवढा, बाथरूम किती हे नंतर. आधी खालची गल्ली बघ. संध्याकाळी सहाला जाऊन नुसती उभी राहा. पोरं खेळतायत, कुणाची तरी आजी कट्ट्यावर लसूण सोलत बसली आहे, तर घे ते घर. गेटवर वॉचमन, आत गाड्याच गाड्या आणि सगळीकडे शांतता असेल, तर एजंट 'एनआरआय लोकांना हेच आवडतं' म्हणाला तरी सोड.

तुमच्यासाठी मला राजारामपुरी बरी वाटते. गल्ल्यांना नंबर आहेत, नवीन माणूस हरवत नाही, आणि बाजार पायाखाली. नागाळा पार्क, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या बाजूला काही आवडलं तर मालकाला एवढंच विचार: 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या दोन्ही वर्षी नदी त्याच्या कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. लोक लपवत नाहीत, भिंतीला हात लावून दाखवतात.

शाळेचं. आपल्या राज्यात वयासाठी 31 डिसेंबर धरतात, पहिलीला त्या तारखेपर्यंत सहा पूर्ण. म्हणजे तुझी लेक या जूनला मोठ्या गटात. तिकडे ती रंग आणि गाण्यांत रमली असेल, इथे तिच्या बरोबरीची मुलं शंभरपर्यंत आकडे काढत असतात. बाईंना पहिल्याच दिवशी हे सांगून ठेव आणि घरी पाट्या गिरवून घेण्याच्या मागे लागू नकोस, दिवाळीपर्यंत येतं सगळं. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, तिथे जायचं तर आत्ताच बोलून ठेवायला हवं. मराठी मात्र कुठल्याही बोर्डात घ्यावंच लागतं, 2020 चा कायदा आहे.

गावाबाहेर मोठ्या मैदानांच्या, स्विमिंग पूलवाल्या शाळा आहेत. माझं मत विचारशील तर मोठ्या गटाला त्या नकोत. पोर बसमध्ये झोपून घरी येतं आणि मैत्रिणी शहराच्या चार टोकांना. चालत जाता येईल अशी शाळा घे. सुटायच्या वेळेला गेटवर ज्या बायका उभ्या असतात ना, तोच तुझा गट. परतलेल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप सापडतील, टॅक्स आणि बँकेच्या प्रश्नांना ठीक आहेत. त्यातच राहिलीस तर कोल्हापुरात येऊनही न्यू जर्सीच्या एडिसनमध्येच राहशील.

आता ओळखींचं. इथे 'प्ले डेट' वगैरे ठरत नाही. दार उघडं दिसलं की पोरं आत येतात, बंद दिसलं की 'घरात कुणी न्हाई' म्हणत पुढच्या दाराला जातात. तेव्हा संध्याकाळी दार उघडं ठेव, नवरा मीटिंगमध्ये असला तरी. आम्ही नवीन होतो तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या धाकट्याला न विचारता कडेवर उचललं आणि जिना उतरल्या. मी चपला शोधतेय तोवर खालून हाक: 'ओ ताई, बाळ आमच्याकडं जेवतंय, काळजी करू नगासा!' जाऊन बघते तर स्टीलच्या ताटलीत कुस्करलेला आमटी-भात, वर तुपाची धार, काकू काऊ-चिऊचे घास भरवतायत आणि घरी भाताकडे न बघणारा माझा मुलगा आ वासून बसलाय. 'पाव आणि चीजवर पोर वाढतंय व्हय?' हेही ऐकून घेतलं. आज तापाच्या रात्री मी पहिली बेल त्यांचीच वाजवते.

पण काही ठिकाणी पाय रोवून उभी राहा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर तुम्हाला कुणीतरी नेणारच. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ ग्लास तसाच हातात देतात. तुम्ही काय ते ठरवा, लेकीला कच्चं नको. क्षय, ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा ताप) हे त्यातून होऊ शकतं. 'नको' म्हटलं की इथे जास्तच आग्रह होतो, तेव्हा 'डॉक्टरांनी मना केलंय' म्हण, लगेच ऐकतात. लसींचं कार्ड घेऊन पहिल्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. बीसीजी इथे जन्मताच देतात, तिकडच्या वेळापत्रकात ती नसते, टायफॉइडचीही नसते.

कागदपत्रं: ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड, तिथूनच करून या, जन्मदाखल्यावर अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) घ्या. शाळा आधार मागेल, पण ओसीआय असलेल्यांना अर्जाआधीच्या 12 महिन्यांत 182 दिवस इथे राहिल्यावरच ते मिळतं. तोवर पासपोर्ट आणि ओसीआयच्या प्रती दे आणि क्लार्कशी गोड बोल.

---

वहिनी, आमच्या गावाला निघालासा, लई भारी!

ताईंचं बाकी सगळं बरोबर, गंगावेशीच्या दुधावर मात्र अन्याय झाला. त्याच्यावरच वाढलो की आम्ही.

राजारामपुरीत राहा, पण पेठेतलं घर सोडू नका. रविवारी पोरीला तिथेच टाका. फुटबॉलला क्लास शोधत बसू नका, पेठेत फुटबॉल तालमीतून, म्हणजे गल्लीतल्या आखाडा-मंडळातून येतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहारची मॅच लागली की दिरांबरोबर तिला एकदा न्याच. आणि आषाढात नदीचं नवं पाणी घेऊन टेंबलाई देवीच्या देवळाला जातात, पी ढबाक वाजत असतं, गल्लीच्या गल्ली चालत निघते. डोक्यावर छोटी कळशी देऊन तिलाही चालवा. निम्मी पेठ नावानं ओळखायला लागंल.

मला इथं बसून जळायला होतंय, ते सोडा.

---

ताई, दादा, खूप आभार.

दिरांना गल्ली बघायला पाठवलं, त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याचे फोटो पाठवले. पुन्हा संध्याकाळी सहाला पाठवलं. आता राजारामपुरीतल्या एका घराचा व्हिडिओ आलाय, त्यात क्रिकेटचा बॉल दोनदा त्यांच्या अंगावर येतो. जाऊबाई म्हणतात, हेच घ्या.

एक राहिलं. कार सीट बॅगेतून आणू का? सासरे म्हणतात, स्कूटरवर पुढे उभी राहील की, आमची सगळी तशीच वाढली.

---

आण, नक्की आण. 14 वर्षांखालच्या मुलांना गाडीत बेल्ट किंवा चाइल्ड सीट हवी असा 2019 पासून कायदाच आहे, फक्त इथे कुणी विचारत नाही. तू सासऱ्यांना कायद्याचं नाव सांग, तुझं नको. स्कूटरवर पुढे उभं करायचं नाही, मागे बसली तरी हेल्मेट हवं, चार वर्षांवरच्या सगळ्यांना ते सक्तीचं आहे. तिच्या मापाचं इथे मिळतं. गुलाबी घे, सासरे स्वतःच घालायला लावतील.

दादा, तुम्ही वाढलात, मान्य. याल तेव्हा दोन ग्लास माझ्याकडून, उकळून.

रेनकोट तिकडून आणू नकोस, तो कमरेपर्यंत असतो आणि इथल्या जुलैत त्याचा काही उपयोग नाही. विमानाची तारीख कळव. पहिल्या रात्रीचा डबा मी पाठवते, तिखट बेताचं.