सक्तीच्या सैन्यसेवेवर लिहिलं, आता वाचक चिडलेत

खारेशेंगदाणे: आमच्या सिंगापुरातल्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी थोरल्याच्या 'एनएस'वर, म्हणजे नॅशनल सर्व्हिस या सक्तीच्या सेवेवर लिहिलं. १९६७ पासूनचा हा नियम. अठरा झाली की मुलगा दोन वर्षं सैन्यात, पोलिसात नाहीतर नागरी संरक्षण दलात. मी पीआर (कायमचा रहिवासी) म्हणून सुटलो, मुलगे नाही सुटत. लिहिलं काय, तर 'पोरगा आता स्वतःचा पलंग आवरतो.' झालं! एका काकूंचा फोन: "आमचा वर्गातल्या मुलींच्या दोन वर्षं मागे पडणार, त्याचं काय?" उत्तर लिहायला बसलो की वकिलीच सुरू होते माझी.

ताकपिठलं: लिहू नका. चहाला जा.

उंबरठा: मी सक्तीच्या विरोधातली, तरी सांगते. तुमच्या लेखात सक्ती योग्य की अयोग्य हे आलंच नाही, नुसता पलंग. काकूंचा प्रश्न खरा आहे. नॉर्वेने २०१५ पासून मुलींनाही सक्तीच्या सैन्यसेवेत घेतलं. तुम्हाला ते चालेल का, एवढंच लिहा. आणि नंतर रिझर्व्हिस्ट (राखीव सैनिक) म्हणून वर्षानुवर्षं बोलावतात, ते का गाळलंत?

खारेशेंगदाणे: गाळलं, कारण बायको वाचणार होती! काल काकूंकडे गेलो. तास झाला, एकमत नाही. निघताना हळूच विचारलं त्यांनी, "पहिल्या आठवड्यात घरी फोन करू देतात ना हो?" पुढच्या अंकात त्यांचं पत्र पूर्ण छापायचंय, माझ्या उत्तराशिवाय. संपादक कुरकुरतायत.