मामांच्या कंपायलरचा सोर्स: आधी फ्लॉपी की आधी कागद?

कवेलूचं_घर (दारव्हा तालुका)
राम राम मंडळी. पावसाआधी कवेलू फेरायला वर चढलो, तं माळ्यावर मामांची पत्र्याची पेटी सापडली. मामा नागपुरात शिकवायचे. १९८८ मध्ये त्यांनी टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटा कंपायलर लिहिला होता, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा संगणकाले समजतील अशा करून देणारा प्रोग्राम. आज्ञा मराठी: जर, नाहीतर, जोवर; अक्षरं मात्र रोमन. पेटीत सव्वापाच इंची पाच फ्लॉप्या आहेत, दोनवर पांढरी बुरशी. त्याखाली डॉट मॅट्रिक्सवर छापलेला अख्खा सोर्स (मामांनी लिहिलेला मूळ मजकूर), ५३ पानं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह मागवू का? हे हातचं गेलं तं मले फार लागेल.

जुनी_डिस्क (अमरावती)
मागवू नका दादा, तो साडेतीन इंचीच वाचतो. बुरशीची फ्लॉपी तर कुठंच घालू नका. ड्राइव्हचं हेड घाण होतं आणि मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडतं. कडेची खाच आजच चिकटपट्टीनं झाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. माझ्याकडे जुना ड्राइव्ह अन् ग्रीझवीझल बोर्ड आहे. त्यानं फ्लॉपीवरचा कच्चा चुंबकीय सिग्नलच उतरून घेता येतो, मग खराब सेक्टरवर, म्हणजे न वाचल्या जाणाऱ्या तुकड्यांवर, नंतर निवांत डोकं लावता येतं. एसटीनं या, पिशवी मांडीवर ठेवा. उन्हात तापलेल्या डिक्कीत नको.

आज्ञावली
मी म्हणेन, कागद आधी. पानं एकमेकांपासून न फाडता ३०० डीपीआयला स्कॅन करा. मशीनकडून अक्षरं ओळखून घेतलीत तर शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत होणारच, प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासा. टर्बो पास्कलची आवृत्ती कोणती तेही बघा: तिसरी फक्त कॉम फाइल (डॉसवर चालणारा छोटा प्रोग्राम) बनवायची, युनिट (सोर्सचे वेगळे ठेवता येणारे भाग) आले ते १९८७ च्या चौथीत. डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, दोन्ही चालतात. सी भाषेचे १९७२-७३ चे दोन कंपायलर आज वाचता येतात, कारण त्यांचा सोर्स डेकटेप नावाच्या जुन्या चुंबकीय टेपांवर टिकला आणि सी भाषा बनवणाऱ्या डेनिस रिचींनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. आणि मामा आहेत ना? आधी त्यांच्याजवळ बसा.

कवेलूचं_घर
ताई, बसलो. मामा आता ७९ चे. एक्केचाळिसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथं आरक्षित शब्दांच्या यादीत लाल पेननं एक शब्द वाढवलाय: ‘संपलं’. जरच्या पोटात जर आला की नाहीतर नेमका कोणत्या जरचा, हे कोडं, जर कुठं मिटतो ते सांगणाऱ्या या शब्दानं, त्यांना एका रात्री सुटलं होतं. काल अमरावतीला तीन फ्लॉप्या नीट उतरल्या. सगळ्यात शेवटच्या तारखेची फाइल उघडली, तं त्यात ‘संपलं’ नाही. मामा म्हणाले, परीक्षा लागल्या अन् टाइप करायचं राहूनच गेलं.

पानं स्कॅन झाली. आता ती लाल ओळ मी टाइप करतो, मामा शेजारी बसून सांगतात.