एकाच गाठीचे दोन अहवाल: कोणता ग्राह्य धरावा?

गिरगावकर: माझ्या आत्याच्या स्तनातील गाठीची सुईने बायोप्सी केली, तेव्हा दादरच्या प्रयोगशाळेने ‘अ‍ॅटिपिकल डक्टल हायपरप्लासिया’, म्हणजे दूधनलिकेतील पेशींची असाधारण वाढ, पण कर्करोग नव्हे, असा अहवाल दिला. परळच्या एका रुग्णालयात फेरतपासणी केली, तर तेथे ‘डीसीआयएस, लो ग्रेड’, म्हणजे दूधनलिकेच्या आतच असलेला कर्करोग, असे निदान आले. तुकडा तोच असताना असे कसे होते?

स्लाइडवाचक: मी पॅथॉलॉजिस्ट आहे. या दोन निदानांत पेशी दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. फरक मुख्यतः व्याप्तीचा असतो. बदल किमान दोन नलिका पूर्ण व्यापत असेल किंवा 2 मिलिमीटरहून मोठा असेल, तर साधारणपणे डीसीआयएस म्हणतात. सुईने निघालेली सुतळीएवढी पट्टी पाहून, कडेला अर्धवट कापली गेलेली नलिका ‘पूर्ण’ भरलेली होती की नाही, हे ठरवायचे असते. पेशींतील ठरावीक प्रथिने दाखवणारी ईआर किंवा सीके 5/6 यांसारखी विशेष रंजकेही येथे हात टेकतात, कारण दोन्हींत त्यांचे निकाल सारखेच येतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 115 पॅथॉलॉजिस्टांची निदाने तज्ज्ञमंडळाच्या निदानाशी ताडून पाहिली, तेव्हा पसरणाऱ्या कर्करोगात ती 96 टक्के जुळली, पण अ‍ॅटिपियात, म्हणजे तुमच्या पहिल्या अहवालासारख्या असाधारण बदलांत, केवळ 48 टक्के. अर्थात, तेथे प्रत्येक रुग्णाची एकच स्लाइड दिली होती. प्रत्यक्षात आम्ही तुकड्याच्या आणखी पातळ चकत्या मागवतो आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही दाखवतो.

लॅब टेक्निशियन, ठाणे: परळला फक्त स्लाइड दिल्या होत्या, की तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही?

गिरगावकर: ब्लॉकही दिला होता. दुसऱ्या अहवालात ‘नव्या चकत्या पाहिल्या’ अशी नोंद आहे.

लॅब टेक्निशियन, ठाणे: मग दोघांनी तंतोतंत तेच पाहिले, असे म्हणता येणार नाही. चकती जेमतेम 3 ते 4 मायक्रॉन जाडीची असते, त्यामुळे ब्लॉक खोलवर कापला की वर न दिसलेली नलिका समोर येऊ शकते. शिवाय तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, उशिरा पडला तर पेशी आक्रसतात आणि केंद्रकाचे बारकावे पुसट होतात. पण ते नुकसान ब्लॉकमध्येच राहते, नव्या चकत्यांनी भरून निघत नाही.

स्लाइडवाचक: हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तरीही घाबरून तिसरीकडे धावू नका. सुईच्या बायोप्सीत यांपैकी कोणतेही निदान आले, तरी तो भाग शस्त्रक्रियेने काढून तपासण्याचा सल्ला बहुधा दिला जातोच, आणि व्याप्ती त्या मोठ्या तुकड्यातच नीट मोजता येते. दोन्ही अहवाल, सर्व स्लाइड आणि मॅमोग्राम सर्जनांकडे एकत्र द्या. त्यांच्या ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीत, दोन्ही अहवालांवर चर्चा व्हावी, अशी विनंती करा.