ड्रिपला अ‍ॅसिड देताना आधी पाणी, मग अ‍ॅसिड
एका दादांनी लिहिलंय की केळीच्या ड्रिपला (ठिबकच्या नळ्यांत साचलेला क्षार काढायला) अ‍ॅसिड देताना आधी बादलीत अ‍ॅसिड घ्यायचं मग वरून पाणी टाकायचं, आणि हातावर उडालंच तर खायचा सोडा चोळायचा. दादा, दोन्ही उलटं आहे, हात जोडून सांगतो असं करू नका, सालदाराला तर बिलकुल करायला लावू नका. ९८ टक्क्यांच्या सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये पाणी पडलं की इतकी उष्णता निघते की वरचं पाणी जागच्या जागी उकळतं आन सगळं तोंडावर उडतं. आधी प्लास्टिकच्या बादलीत पाणी, मग बारीक धारेनं अ‍ॅसिड, हेच बरोबर.

अंगावर उडालं तर सोडाबिडा शोधत बसू नका, कपडे काढून फेका आणि वाहत्या पाण्याखाली किमान १५-२० मिनिटं धुवा, डोळ्यात गेलं तर धुतल्यावर थेट दवाखाना. सुती शर्टावर थेंब पडला तर तेव्हा काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी धुतला की भोकं पडतात, कातडीचं काय होत असेल बघा.

आपल्याकडे जळगावातल्या रावेर-यावलकडं बरेच जण नळ्यांतलं शेवाळ मारायला ब्लीचिंग पावडरही ड्रिपच्या लाईनमधून सोडतात. ती आणि अ‍ॅसिड एकाच दिवशी, एकाच टाकीत कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपघरात माणूस गुदमरतो. आणि उरलेलं अ‍ॅसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, उन्हातनं आलेला माणूस न बघता तोंडाला लावतो.